तीन वॅटची हाक
कल्याण ते खोडद : ऐकणाऱ्या एका संस्थेची वाटचाल

२०१६ची दिवाळी दोन घटनांच्या मधे आली. तिच्या आधी, १९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, सह्याद्रीपलीकडे नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी काही शास्त्रज्ञ आणि इंजिनीअर संगणकाच्या पडद्यावरच्या एका बारीक रेघेकडे डोळे लावून बसले होते. साडेसतरा कोटी किलोमीटरवरून, मंगळावर उतरू पाहणाऱ्या एका यानाची ती हाक होती. दिवाळीनंतर, १ डिसेंबरला, सह्याद्रीच्या अलीकडे मुरबाड तालुक्यातल्या धसईला राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले आणि राज्यातलं पहिलं ‘कॅशलेस’ गाव म्हणून धसईचं नाव पेपरात झळकलं. बँक ऑफ बडोदाच्या पुढाकारानं दुकानांत स्वाइप मशीन आली. वडापावसुद्धा कार्डावर मिळतो म्हणून कॅमेरेवाले बाजारपेठेत फिरून गेले. पाठोपाठ रेंजचा प्रश्न आलाच. मशीनला टॉवर सापडला तर व्यवहार, नाही तर खिशातली नोट. पुढे नोटेनं आपली जागा बरीचशी परत मिळवली, ते वेगळं.

धसई आणि खोडद यांच्यात सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरचं अंतर. मधे सह्याद्रीची भिंत. भिंतीच्या एका अंगाला चार-दोन किलोमीटरवरच्या टॉवरशी बोलणं जुळवायची खटपट, दुसऱ्या अंगाला मंगळावरची तीन वॅटची हाक पकडली जाते. यात धसईकरांची चेष्टा नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : हवेतून येणारी ही लहर कुणाची, कुठून आली आणि ती पाठवणारा नेमका कोण? रडारवाल्यांच्या भाषेत याला लक्ष्याची ओळख पटवणं म्हणतात. ती पटवायच्या दोन वाटा आहेत. एक तर आपण हाक मारायची आणि समोरून येणारा पडसाद ऐकायचा, हे रडार. नाही तर समोरचा बोलतोय तेच कान देऊन ऐकायचं. हे संदेशवहन, वायरलेस. या दोन वाटा आता एक होऊ घातल्या आहेत. ज्या संस्थेनं या दोन्हींच्या कुशीत जन्म घेतला आणि पुढे फक्त ऐकायचं ठरवलं, तिची ही वाटचाल. ती सांगायचा आम्हा कल्याण-मुरबाडकडच्यांना थोडा हक्कही आहे. तिचं पहिलं पाऊल आमच्या कल्याणात पडलं.

पण त्याआधी थोडं मागं जायला हवं. ब्रिटिश रडारची पहिली चाचणी झाली तीच मुळी उसन्या लहरींवर. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी इंग्लंडात डेव्हेन्ट्रीजवळ एका शेतात रिसीव्हर मांडला. लहरी सोडायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतंच. जवळच बीबीसीचं लघुलहरींवरचं प्रक्षेपण केंद्र होतं. साता समुद्रापारच्या श्रोत्यांसाठी तिथून जो कार्यक्रम चाले, त्याच लहरी आकाशातल्या एका हेफर्ड बॉम्बर विमानावर आपटून परत आल्या आणि विमान ‘दिसलं’. म्हणजे रेडिओच्या कार्यक्रमावर रडार चालवलं. संदेशवहन आणि टेहळणी एकाच लहरीवर, ही आजच्या संशोधनपत्रिकांतली नवी कोरी वाटणारी कल्पना रडारच्या बारशाच्या दिवशीच हजर होती.

पुढे युद्धात दोघांची ताटातूट झाली. रडारची यंत्रं वेगळी, वायरलेसची वेगळी. तरी रडारला एक गोष्ट एकट्यानं जमेना : पडद्यावर ठिपका दिसतोय, पण तो आपला की शत्रूचा? त्यासाठी विमानातच एक उत्तर देणारं यंत्र बसवावं लागलं. रडारनं विचारायचं, विमानानं ठरलेल्या खुणेनं सांगायचं. प्रवासी विमानं आजही हेच करतात. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर विचारणा जाते, विमान १०९०वर उत्तर देतं. मुंबईकडे उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जाताना अखंड आपली ओळख सांगत जातात, आपल्याला ती ऐकू येत नाही एवढंच. खोडदला मात्र येते, आणि नकोशी वाटते. त्याकडे पुढे येऊ.

फेब्रुवारी १९४२च्या अखेरीस ब्रिटिश सैन्याच्या विमानवेधी रडारवर एकाएकी प्रचंड खरखर सुरू झाली. जर्मनांनी लहरी जाम केल्या असणार म्हणून तपासाचं काम जे. एस. हे या शास्त्रज्ञाकडे आलं. वेगवेगळ्या ठिकाणच्या रडारांनी दाखवलेल्या दिशा त्यानं जुळवून पाहिल्या, तर सगळ्या सूर्याकडे बोट दाखवत होत्या. सूर्यावर त्या दिवसांत मोठा डाग होता. शत्रू म्हणून ज्याची नोंद व्हायची तो सूर्य निघाला. माझ्या मते रेडिओ खगोलशास्त्राची खरी सुरुवात अशा चुकलेल्या ओळखीत आहे, आणि म्हणून या शास्त्राच्या हाडामासात संशय मुरलेला आहे. लहर आली की आधी विचारायचं, ही खरंच आकाशातून आली का?

युद्ध संपलं आणि रडारवाली माणसं मोकळी झाली. ऑस्ट्रेलियात जोसेफ पॉझी यांच्या गटानं ऑक्टोबर १९४५मध्ये सिडनीजवळच्या कोलरॉय इथल्या हवाईदलाच्या रडारचाच अँटेना सूर्याकडे वळवला. १९५३मध्ये याच पॉझींच्या हाताखाली शिकायला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतून एक चोवीस वर्षांचा तरुण गेला. नाव गोविंद स्वरूप. मूळ उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाराचा, अलाहाबाद विद्यापीठाचा एम.एस्सी., के. एस. कृष्णन यांनी हेरलेला. सिडनीजवळ पॉट्स हिल इथं एका जलाशयाच्या काठी ख्रिश्चनसन यांनी सहा-सहा फुटी बत्तीस तबकड्या ओळीनं मांडून सूर्य न्याहाळायची सोय केली होती. स्वरूप आणि त्यांचे सहकारी आर. पार्थसारथी यांनी त्याच तबकड्यांवर दुसऱ्या लहरलांबीसाठी काम केलं. परतायची वेळ आली तेव्हा कळलं की नवी दुर्बीण होणार, या तबकड्या आता मोडीत निघणार. स्वरूपांनी पॉझींना विचारलं : आम्हाला द्याल?

ऑस्ट्रेलियानं दिल्या. भारतात मात्र कागद, भाडं, पैसे यांच्या घोळात वर्षं गेली. तोवर स्वरूप अमेरिकेत जाऊन स्टॅनफर्डला रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे पीएच.डी. करून बसले. १९६१मध्ये परदेशातल्या चौघा भारतीयांनी, स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, आम्ही परत येऊन रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करतो असा प्रस्ताव धाडला. जानेवारी १९६२मध्ये होमी भाभांची होकाराची तार आली. आजच्या काळात मंजुरीची फाइल ज्या गतीनं सरकते ती पाहता, ही तार कुणीतरी काचेत लावून ठेवायला हवी. ३१ मार्च १९६३ला स्वरूप परतले, भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रुजू झाले आणि दिल्लीत पडून असलेल्या त्या बत्तीस तबकड्या त्यांनी मागून घेतल्या.

आणि मांडल्या कुठे? कल्याणजवळ. १९६५मध्ये चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरच्या ओळीत, आठ दक्षिण-उत्तर २५६ मीटरच्या ओळीत उभ्या राहिल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य ऐकायला लागल्या. आपल्या देशातली ही या प्रकारची पहिली रेडिओ दुर्बीण. प्रत्येक तबकडी एका माणसाच्या उंचीएवढी. आज गच्चीवर बसवायच्या छत्र्यांची थोरली बहीण. एकेकटी कुचकामी. पण बत्तिसांच्या तारा एकत्र आणून त्यांच्या लहरी जुळवल्या की ६३० मीटर रुंद डोळा असावा तितकं बारीक दिसतं. पुढच्या साठ वर्षांत या संस्थेनं जे जे केलं त्याचं बीज इथं आहे : महागडी एक वस्तू परवडत नसेल तर स्वस्तातल्या अनेक घ्या आणि त्या जुळवायची अक्कल कमवा. सूर्याच्या प्रभामंडलाचा अभ्यास तिथं झाला आणि हाताशी आलेल्या पोरांना रिसीव्हर बांधायचं वळण लागलं. त्या तरुणांत विजय कपाही होते, जे पुढे या संस्थेचे संचालक झाले. कल्याणची दुर्बीण १९६८पर्यंत चालली. कल्याणकरांना विचारा, दुर्गाडी सांगतील, काळा तलाव सांगतील, सुभेदारवाडा सांगतील; भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचं बाळंतपण आपल्या गावी झालं हे सांगणारा क्वचित भेटतो.

तोवर उटीची तयारी झाली होती. निलगिरीत अकरा अंशांच्या उताराची टेकडी शोधली, कारण तिथला अक्षांशही अकरा अंश. उतारावर उत्तर-दक्षिण दुर्बीण आडवी टाकली की तिचा आस आपसूक पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. मग एकाच अंगाला फिरवून तासन्‌तास तारा धरता येतो. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. १९७०मध्ये ती सुरू झाली. भाभा ती पाहायला उरले नव्हते; जानेवारी १९६६मध्ये त्यांचं विमान आल्प्समध्ये कोसळलं होतं.

याच टीआयएफआरच्या घरात दुसरं एक भावंड वाढत होतं, त्याची ओझरती तरी गाठ घालून द्यायला हवी. १९७७मध्ये मायक्रोवेव्हची यंत्रं बनवणारा एक खास विभाग तिथं निघाला. त्यातूनच १९८४मध्ये ‘समीर’ ही संस्था वेगळी झाली आणि पवईला आयआयटीच्या आवारात स्थिरावली. समीर हाक मारणाऱ्यांपैकी. आंध्रातल्या गादंकीचं ५३ मेगाहर्ट्झचं प्रचंड वातावरणीय रडार तिच्या हातचं. ते आणि त्याच्या जातीची वारामापक रडारं ढग नसलेल्या निरभ्र हवेतल्या भोवऱ्यांवरून परतणारा पडसादही ऐकतात. एकाच घरातला एक भाऊ आभाळाला हाका मारतो, दुसरा तोंड मिटून ऐकत बसतो. दोघांची हत्यारं मात्र सारखी : अँटेना, कमी खरखरीचा रिसीव्हर आणि गोंगाटातून खूण वेचणारं गणित.

ऐकणाऱ्या भावाला १९८०च्या दशकात मोठं घर हवं झालं. जगात सगळे सेंटिमीटर लहरींच्या मागे होते. मीटर लहरींचा प्रांत मोकळा होता, आणि भारतात त्या पट्ट्यांत माणसांचा गजबजाट अजून कमी होता. स्वरूपांनी आखणी केली : पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधोमध, एखाद्या चौरस किलोमीटरभर पसरलेल्या. सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फांद्यांवर, टोकाटोकांत पंचवीस किलोमीटर. जागेचा शोध खोडदला येऊन थांबला. पुणं जवळ. चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला, त्यामुळे आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, त्यातल्या त्यात शांत; तरी दक्षिणेचं आकाश दिसण्याइतपत खाली. भोवती डोंगर, आणि पश्चिमेला आपला सह्याद्री, जो मुंबई-ठाण्याचा सगळा रेडिओ-कलकलाट अडवून धरतो. म्हणजे धसईला ज्या कड्यांमुळे रेंज मिळायची मारामार, त्याच कड्यांच्या आडोशाला खोडदची शांतता नांदते.

पंचेचाळीस मीटरची तबकडी पोलादी पत्र्याची केली असती तर वजन आणि वारा यांनीच दिवाळं काढलं असतं. स्वरूपांनी युक्ती केली ती बाजेसारखी. सांगाड्यावर पोलादी दोर ताणायचे, आणि दोरांच्या त्या जाळ्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेची विणलेली जाळी. भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. वारा त्यातून आरपार जातो. पण रेडिओ लहरीची लांबी वीस सेंटिमीटर ते दोन मीटर, तिला ती भोकं दिसतच नाहीत, तिच्या लेखी ती सलग भिंत. तबकड्या देशातच बनल्या. १९८७मध्ये मंजुरी मिळाली, नव्वदच्या दशकात बांधकाम झालं, ऑक्टोबर २००१मध्ये रतन टाटांच्या हस्ते दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली आणि २००२पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली. नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. पंचक्रोशीत आणि कागदोपत्री जीएमआरटी. ती चालवणारी संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, टीआयएफआरचाच एक भाग.

आता २०१६कडे. त्या वर्षात लक्ष्य ओळखण्याच्या दोन्ही वाटा एकेकदा कसाला लागल्या, आणि दोन्ही वेळा भारताचा संबंध आला.

जुलैमध्ये मुक्या लक्ष्याची पाळी होती. चांद्रयान-१ २२ ऑक्टोबर २००८ला उडालं, २९ ऑगस्ट २००९ला त्याचा आवाज बंद झाला. यान चंद्राभोवती फिरतंय की नाही हेच कळेना. दीड मीटर बाजूचा तो ठोकळा. चंद्राच्या उजेडात दुर्बिणीनं दिसणं अशक्य. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या चमूनं, मरीना ब्रोझोविच यांच्या पुढाकारानं, कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या सत्तर मीटर तबकडीतून चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ लहरींचा झोत सोडला आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकच्या शंभर मीटर तबकडीनं पडसाद ऐकला. चार तासांत एक ठिपका दोनदा झोतातून गेला. चांद्रयान-१ची फेरी दोन तास आठ मिनिटांची, हिशोब जुळला. नाव-गाव न सांगणाऱ्या वस्तूची ओळख तिच्या चालीवरून पटली. रातच्याला वाटेवर येणारा माणूस चेहरा दिसायच्या आधी चालण्याच्या ढबीवरून ओळखावा, तसं.

ऑक्टोबरमध्ये बोलक्या लक्ष्याची पाळी आली. युरोपीय अंतराळ संस्थेचं स्कियापरेली हे यान मंगळाच्या जमिनीवर उतरून पाहणार होतं. उतरताना सारखी हाक देत राहायचं, असं त्याच्या रेडिओला सांगितलं होतं. लहर ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासची, ताकद जेमतेम तीन वॅट. माझ्या देवघरातला झिरोचा दिवा याहून जास्त वीज खातो. माहितीचा खरा साठा मंगळाभोवती फिरणारी यानं टिपून घेणार होती, पण तो पृथ्वीवर यायला वेळ लागणार. त्याच घडीला कान देऊ शकेल असं कोण? मीटर लहरींत इतकं मोठं कानाचं पटल आणि त्या वेळी मंगळ ज्याच्या आकाशात आहे, असं एकच ठिकाण सोयीचं होतं. भारतात संध्याकाळ होती, मंगळ नैर्ऋत्येला घाटमाथ्याच्या दिशेनं कलत होता. खोडदच्या तबकड्या तिकडे वळल्या.

इथं एक गणित सांगतो, त्याशिवाय या दोन घटनांतला फरक कळायचा नाही. हाक एकेरी असते. अंतर दुप्पट झालं की ती चौपट क्षीण होते. पडसादाला मात्र जाऊन परत यावं लागतं. अंतर दुप्पट झालं की तो सोळापट क्षीण. त्या दिवशीचा मंगळ चंद्राच्या सुमारे ४६० पट दूर होता. तीच हाक चंद्राऐवजी मंगळावरून आली तर ती दोन लाख पटींनी दुबळी होईल. तोच पडसाद मंगळावरून यायचा म्हटला तर साडेचार हजार कोटी पटींनी. म्हणून मुकी वस्तू शोधायला चंद्रापर्यंतच दोन अवाढव्य तबकड्या कामाला लागतात, आणि बोलती वस्तू मंगळावरूनही, तीन वॅटवर, सापडते. एवढं लक्षात आलं की संदेशवहन आणि रडार एकत्र करायचा आग्रह का, तेही उमगतं. लक्ष्य जर स्वतःहून काही बोलत असेल तर ती फुकटात मिळालेली दोन लाख पटींची सूट आहे.

हाक आली. जवळपास पावणेदहा मिनिटांपूर्वी निघालेली. तिच्यातले शब्द खोडदला कळत नव्हते, नुसता सूर ऐकू येत होता. पण सुराची पट्टी सरकत होती. वस्तू जवळ येते तेव्हा तिची लहर आखडते, लांब जाते तेव्हा पसरते. यान मंगळाच्या वातावरणात शिरलं ते ताशी २१ हजार किलोमीटरनं. तो वेग सरळ आपल्या दिशेनं धरला तर ४०१ मेगाहर्ट्झच्या सुरात पावणेआठ हजार हर्ट्झचा फरक पडतो, आणि ब्रेक लागत जातील तसा तो मिटत जायला हवा. पडद्यावरची रेघ वळत होती म्हणजे हवेचा ब्रेक लागत होता. हवाई छत्री उघडल्याची खूण रेघेत दिसली. ज्या लहरीचं काम संदेशवहनाचं, ती इथं वेगमापक झाली. लक्ष्यानं काय सांगितलं यापेक्षा कसं सांगितलं यावरून त्याची अवस्था कळत गेली.

मग जमिनीला टेकायच्या ठरलेल्या वेळेच्या सुमारे पन्नास सेकंद आधी हाक थांबली.

चौकशीत निघालेली गोष्ट आपल्या विषयाच्या मुळावर बोट ठेवणारी आहे. यानाच्या पोटात जमिनीचं अंतर मोजणारं रडार होतं आणि ते ठीक चाललं होतं. बिघडलं ते दुसऱ्याच जागी. छत्री उघडल्यावर यान गरागरा हेलकावलं, फिरण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राची कमाल मर्यादा गाठली गेली आणि ती नोंद साधारण सेकंदभर तशीच अडकून राहिली. त्या चुकीच्या नोंदीची आणि रडारच्या बरोबर नोंदीची सांगड घालताना संगणकानं निष्कर्ष काढला की आपण जमिनीच्या खाली आहोत. खाली असू तर छत्री कशाला? तिला सोडून दिलं. तीस सेकंद पेटायची इंजिनं तीन सेकंदांत विझली. प्रत्यक्षात यान जमिनीपासून ३.७ किलोमीटर वर होतं. ते ताशी सुमारे ५४० किलोमीटरनं आदळलं. रडार खरं बोलत होतं, पण दोन साक्षी जुळवताना कुणावर विश्वास ठेवायचा हे न्यायाधीशाला कळलं नाही. दोन तंत्रं एकत्र आणायची म्हणजे नुसती एका पेटीत कोंबायची नव्हेत. खोडदच्या माणसांकडून यात काही चुकलं नाही. शेवटची हाक पृथ्वीवर त्यांच्याच कानी पडली.

या ऐकण्याला जागत्या पहाऱ्याची किंमत आहे. मोबाइल टॉवर, विजेच्या तारांवर उडणारी ठिणगी, वेल्डिंग, जुनाट मोटार, सगळं खोडदच्या कानाला मंगळापेक्षा लाखो पटींनी मोठं. आवारात मोबाइल बंद. भोवतालच्या पट्ट्यात कारखाना किंवा टॉवर उभारायचा तर संस्थेची ना-हरकत लागते. विजेच्या खांबावरची ठिणगी वेचून टाकणाऱ्या गाळण्या त्यांच्या इंजिनीअरांनी स्वतःच घडवल्या. २०१९पर्यंत दुर्बिणीचं मोठं नूतनीकरण झालं, पूर्वीच्या पाच अरुंद खिडक्यांऐवजी १२० ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंतचा जवळपास सलग दरवाजा उघडला. पण दरवाजा रुंद झाला की वारा जसा येतो तशी धूळही येते. मघाची ती विमानांची १०३० आणि १०९० मेगाहर्ट्झची सवाल-जबाबाची खिडकी आता याच दरवाजात येते.

लोकांनाही किंमत मोजावी लागली आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पुणे-नाशिक थेट रेल्वे नारायणगावावरून जाणार म्हणून जुन्नर, आंबेगाव, संगमनेरचे लोक वर्षानुवर्षं वाट पाहत होते. विजेच्या गाड्यांचा त्रास दुर्बिणीला होईल, असं सांगत रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी मार्ग बदलण्याची भूमिका घेतली. टोमॅटोचा शेतकरी यावर चिडला तर त्याला विज्ञानाचा शत्रू ठरवायचं कारण नाही. त्याला रूळ हवेत, दुर्बिणीला शांतता. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत, आणि तोडगा काढायचं काम दोघांचंही नाही, तिसऱ्याचं आहे.

पुढचं वळण तर याहून अवघड दिसतं. नोव्हेंबर २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं मोबाइलच्या सहाव्या पिढीची चौकट ठरवली. तिच्या सहा वापरांपैकी एक म्हणजे संवेदन आणि संदेशवहन यांची सांगड. सोप्या भाषेत, टॉवर तुमच्या फोनशी बोलतानाच त्याच लहरींचा पडसादही ऐकेल. रस्त्यावरची गाडी, आभाळातला ड्रोन, उतारावरून सरकणारी दरड हे सारं तो फोनवर बोलता बोलता टिपेल. डेव्हेन्ट्रीच्या शेतातली युक्तीच, फक्त गावोगावच्या टॉवरवर. ठिपका पक्ष्याचा की ड्रोनचा हे पडसादाच्या बारीक थरथरीवरून कळतं : पंखांची फडफड आणि पात्यांची गरगर यांचा ठसा वेगळा. जुन्नरच्या उसातला बिबट्या टॉवरला ओळखता येईल का, हा प्रश्न मला सुचला तसा तिथल्या शेतकऱ्यालाही सुचेल, आणि त्याचं उत्तर शोधणाऱ्याला तो दुवा देईल. गंमत म्हणजे उलटी सांगड आपल्या घरात कधीचीच आहे. हवामान खात्याची काही रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, वायफायही तिथंच घोटाळतं. म्हणून त्या पट्ट्यातल्या राउटरला नियम आहे : आधी कान दे, रडारची चाहूल लागली तर जागा सोड.

खोडदच्या दृष्टीनं मात्र प्रत्येक टॉवर रडार होणं म्हणजे हाका मारणाऱ्यांची गर्दी आणखी वाढणं. पण तिथल्या माणसांना गर्दीतून एकच आवाज वेचायची सवय आहे, तेच त्यांचं काम. जून २०२३मध्ये जगभरच्या काही गटांनी स्पंदकांच्या, म्हणजे ठेक्यानं धडधडणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, नोंदींवरून अवकाशात मंद गुरुत्वीय लहरींची गुणगुण असल्याचा पुरावा मांडला. त्यात खोडदच्या नोंदींवर काम करणारा भारतीय गट होता. स्पंदकाचा ठेका सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाहूनही बारीक चुकतो का, हे वर्षानुवर्षं पाहायचं. जानेवारी २०२४मध्ये सरकारनं स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या जागतिक दुर्बिणीसाठी १२५० कोटी रुपये मंजूर केल्याचं जाहीर झालं. तिचे अँटेना दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या निर्जन माळांवर उभे राहतायत, आणि त्यात या संस्थेचा हात आहे. तबकड्या ऑस्ट्रेलियातून कल्याणला आल्या होत्या. सहा दशकांनी अनुभव उलट दिशेनं निघालाय. स्वरूप ७ सप्टेंबर २०२०ला पुण्यात गेले. एक्क्याण्णव वर्षांचे होते.

दर फेब्रुवारीच्या अखेरीस, विज्ञान दिनाला, खोडदला मोठं प्रदर्शन भरतं. शाळाशाळांची पोरं एसटीनं, ट्रॅक्स भरभरून येतात. आपल्याकडून जायचं तर मुरबाड, टोकावडे, माळशेज, मढ, ओतूर असा नगर रस्ता. धसईवरून निघालात तर आधी मुख्य रस्त्याला लागायचं. घाटाच्या काही वळणांवर रेंज जाते आणि गाडीतली पोरं फोन खिडकीबाहेर काढून धरतात. फोन हरवलेल्या टॉवरला हाका मारतोय असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. टॉवर सापडेपर्यंत फोन एक शब्दही बोलत नाही. एकेक पट्टा उघडून नुसता ऐकत राहतो. मढ यायला लागलं की खिशात टिंगटिंग सुरू होते.